भोपळ्याचं कुलूप

मिस्त्रींना काहीही विचारा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "रस्ता कुठला?"

जव्हारात हजर झालो त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, इथे बरे बूट कुठे मिळतील. माझ्या पायांकडे न बघताच त्यांनी विचारलं, "रस्ता कुठला?" मी म्हटलं, घर ते कचेरी. "मग चपलाच घ्या," ते म्हणाले, "आणि पावसाळ्यात त्या हातात घ्या." पुढे माझं लग्न ठरलं. मुलगी डहाणूची आहे असं मी लाजत लाजत सांगितलं. नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. थोडा विचार करून म्हणाले, "डहाणूचा रस्ता बरा आहे. करून टाका, भाऊसाहेब."

भाऊसाहेब म्हणजे मी. फिरत्या दवाखान्याचा कारकून. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मिस्त्री मूळचे संस्थानच्या मोटारखान्यातले. विलीनीकरणात तिथली माणसं आणि मोटारी निरनिराळ्या खात्यांत वाटल्या गेल्या, त्यात आमच्या वाट्याला मिस्त्री आले आणि लढाईतून उरलेली एक जीप आली. दोघांपैकी जास्त जुनं कोण, हे कागदपत्रांवरून मला कधी ठरवता आलं नाही.

मोटारखान्याचा खाकी कोट त्यांच्या अंगावर बारमाही असे, पण उलटा. अस्तर बाहेर, कापड आत. विलीनीकरणाच्या दिवशी त्यांनी तो उलटा केला, पितळी बटणं काढून आतल्या बाजूने शिवली आणि तेव्हापासून तसाच घातला. मी एकदा कारण विचारलं. "सरळ घातला तर संस्थानचा, उलटा घातला तर सरकारचा," ते म्हणाले. "कापड तेच आहे. शिवण तेवढी बाहेर दिसते."

पायात काही घालत नसत. चिखल दिसला की आधी अंगठा रोवायचे. अंगठा बुडाला तर चला, घोटा बुडाला तर बैल बोलवा, नडगी बुडाली तर घरी जाऊन चहा प्या. डबक्यापुढे जीप थांबवून उतरायचे आणि पायाचा अंगठा चिखलात घालून, डोळे मिटून उभे राहायचे. मागे बसलेले डॉक्टर तोवर घड्याळ बघत. मिस्त्री त्यांना म्हणायचे, "तुम्ही नाडी बघता तेव्हा मी घड्याळ बघतो का, साहेब?"

आता जीपबद्दल थोडं सांगतो, कारण माझी फजिती तिच्या पोटात दडलेली आहे.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध, जीपच्या खाली, एक लोखंडी गोल डबा असतो. पुस्तकात त्याला डिफरन्शिअल म्हणतात. मिस्त्री भोपळा म्हणायचे. इंजिनाची ताकद या भोपळ्यात येते आणि दोन दांड्यांमधून डाव्या-उजव्या चाकाला जाते. जीप वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. ती सवलत भोपळा देतो. इथवर भोपळा गुणी. पण एक चाक चिखलात जाऊन गरगरायला लागलं की भोपळा सगळी फिरकी त्यालाच देऊन मोकळा होतो, आणि कोरड्या दगडावर टेकलेलं दुसरं चाक जागचं हलत नाही. पुढच्या दोन चाकांची तीच तऱ्हा. म्हणजे चारही चाकं ओढतात अशी ख्याती असलेली आमची जीप मोखाड्याहून खोडाळ्याला जाताना एका ठरलेल्या चढावर दर पावसाळ्यात बसायची, आणि बैल आणून ओढेपर्यंत खोडाळ्याचा बाजार उठायचा. त्या चढाला मिस्त्रींनी लोण्याचा चढ असं नाव दिलं होतं.

त्या वर्षी वरच्या कचेरीतून पत्र आलं. पावसाळ्यात जीप खोडाळ्याच्या बाजाराला पोचत नसेल तर ती जव्हारला ठेवून उपयोग काय? साहेब स्वतः येऊन बघतील. जीप पोचली नाही तर ती परत मागवून घेण्यात येईल. पत्रात मिस्त्रींचं नाव नव्हतं, पण त्यांची नेमणूक त्या जीपवरच होती. जीप गेली की त्यांना तिच्या मागोमाग बदलीच्या गावी जाणं भाग होतं, नाहीतर घरी बसणं.

पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते गिअरच्या तेलाचा थेंब अंगठ्यावर घेऊन उन्हात धरून बघत होते. तेलात लोखंडाची कणी चमकते का, ते असं कळतं. बघून झालं, बोट कोटाला पुसलं आणि म्हणाले, "माझी एक बायको आहे, एक बकरी आहे. दोघी जव्हार सोडणार नाहीत."

बस, एवढंच. पण मी तरुण होतो आणि मला अशा वेळी स्फुरण चढत असे. मी एका डॉक्टरांच्या मासिकात जाहिरातीच्या पानावर वाचलं होतं की भोपळ्याला कुलूप बसवता येतं. म्हणजे असा भाग, की जो दोन्ही चाकांना एकत्र जखडतो. एक फिरलं की दुसऱ्याने फिरलंच पाहिजे. मी त्याच संध्याकाळी वर उत्तर लिहिलं : 'सदर जीपकरिता उत्तम प्रतीचे मागील कुलूप निवडण्यात आले असून ते बसविण्यात येत आहे.' पत्र टपालात पडल्यावर मी मिस्त्रींकडे कुलूप निवडायला गेलो.

"रस्ता कुठला?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे. खोडाळ्याचा."

"मग कुलूप कशाला?"

मी वर काय लिहिलंय ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नाडी बघितल्यासारखं बघितलं. मग चुलीपुढे बसून विझलेल्या कोळशाने जमिनीवर तीन रेघा ओढल्या.

"कुलपं तीन तऱ्हेची. एक, भोपळ्यातले दाते वेल्डिंग करून टाकायचे. हे कायमचं कुलूप, किल्ली विहिरीत. दुसरं लष्करातलं, आपोआप लागतं, आपोआप उघडतं. वळणावर कटकट करतं, पण ऐकतं. तिसरं दांडीने लावायचं-काढायचं. ते मी नुसतं ऐकलंय. आपल्या जीपला मिळालं तर मला पण सांगा."

"मग दुसरं आणू."

"आणा. पण आपल्या दांड्यांचं वय झालंय, भाऊसाहेब. कुलूप लागलं की कधी कधी सगळा जोर एकाच दांड्यावर येतो. म्हातारा माणूस एकटा पोतं उचलायला गेला की काय होतं?"

"काय होतं?"

"मला काय विचारता? मी अजून एकटा उचलतो."

तरी त्यांनी मदत केली. एक चाक उतरवलं, दांडा बाहेर ओढला आणि दोन दिवस बसून सागाच्या लाकडाचा एक खुंटा कोरला. वीतभर लांब, टोकाला दहा दाते. हुबेहूब दांड्याच्या टोकासारखा. दांडा कुलपाच्या पोटात ज्या खाचांमध्ये शिरतो, त्या खाचांचं हे माप. "हा ज्यात घट्ट बसेल तेच आणा," ते म्हणाले. "दुकानदार काहीही बोलू दे. बोलणं खुंट्याशी."

खुंटा मी घरी आणला. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. सौभाग्यवतींनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "रवी छान आहे. पण दांडा आखूड नाही का झाला?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते मुंबईच्या भंगारबाजारापर्यंत उतरलं नाही.

भंगारबाजारात लढाईतून उरलेल्या लोखंडाचे डोंगर होते. दुकानापुढे माझ्याआधी एक हॅटवाले गृहस्थ होते. त्यांच्या हातात चकाकतं पोलादी मापयंत्र होतं. ते नळ्या मोजत होते, आकडा पुटपुटत होते आणि दुकानदार त्यांच्यासाठी चहा मागवत होता. माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली रवी होती. मी दोनदा पिशवीत हात घातला आणि दोनदा रुमाल काढून तोंड पुसलं.

"क्या चाहिए, सेठ?" दुकानदाराने विचारलं.

"जीपच्या मागच्या डिफरन्शिअलचं कुलूप. लष्करी. आपोआप लागणारं. दहा दाते," मी एका दमात म्हणालो. हॅटवाल्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझी छाती दोन बोटं फुगली.

दुकानदाराने आतून एक वजनदार गोळा काढून समोर ठेवला. मी आत बोट घालून खाचा मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या. दहाच. कारकुनाला आणखी काय हवं? मोजणी बरोबर आली की कारकून शांत झोपतो. मला चहा आला नाही, पण मी तो घेतलाच असं समजून तिथून निघालो.

जव्हारला मिस्त्रींनी गोळा हातात घेतला, एका डोळ्याने आत बघितलं आणि हात पुढे केला. मी पिशवीतून खुंटा काढून दिला. त्यांनी तो गोळ्यात सोडला. खुंटा खाचांना शिवलासुद्धा नाही. एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने माझ्या पायावर पडला. दाते दहाच होते, पण कुठल्या तरी मोठ्या लष्करी ट्रकच्या दांड्याचे.

"ही म्हशीची वेसण," मिस्त्री म्हणाले. "आपली बकरी आहे."

"दहा होते हो," मी म्हटलं.

"माझ्या हाताला पाच बोटं आहेत. तुम्हाला बाळ होईल तेव्हा त्यालाही पाच असतील. माझा हातमोजा त्याला घालाल?" मग खुंट्यावरची धूळ पुसत सहज विचारलं, "हा काढलाच नाही ना पिशवीतून?"

मी सगळं सांगून टाकलं. हॅट, चहा, रवी. त्यांनी ऐकून घेतलं. हसले असते तर बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "लाज वाटण्यासारखंच होतं. पुढच्या वेळी पॉलिश करून देईन." आणि तो वजनदार गोळा त्यांनी उचलून अंगणात नेला आणि बकरीची दोरी त्याला बांधली. रोज खुंटी उपटून पळणारी ती बकरी त्या दिवसापासून जागची हलली नाही. जिल्ह्यात इतक्या लांबून आणलेलं लष्करी दावं दुसऱ्या कुठल्या बकरीला असेल असं वाटत नाही.

साहेब यायला आठ दिवस होते. मी हट्टाला पेटलो. "वेल्डिंग करून टाका. नाशिकला माणूस मिळेल."

"वेल्डिंग म्हणजे विलीनीकरण, भाऊसाहेब. सही एकदाच. मग दोघांनी जन्मभर एका चालीने चालायचं, वळण असो नसो. सरळ वाटेवर चांगलंच आहे ते." ते उठले. "चला, वळणं मोजून येऊ. चपला ठेवा इथेच."

मोखाड्यापासून खोडाळ्यापर्यंत मी अनवाणी चाललो. पाच-सहा कोस, वरून पाऊस. शेतात नागलीची लावणी चालली होती. वाकलेल्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघायच्या : उलटा कोट घातलेला एक म्हातारा आणि त्याच्यामागे छत्रीखाली वही धरून लंगडणारा एक कारकून. वहीत मी दोन रकाने आखले होते, एक वळणांचा आणि एक चिखलाचा. निम्म्या वाटेत वळणांच्या रकान्याचं पान संपलं. अशी वळणं, की पुढून आलेला बैल आधी शिंगं दाखवतो आणि मग बऱ्याच वेळाने शेपूट. आणि सगळी दगडावरची. चिखलाच्या रकान्यात शेवटपर्यंत तीन खुणा. त्यातल्या दोन ठिकाणी मिस्त्रींचा अंगठा बुडाला नाही. तिसरा लोण्याचा चढ. तिथे घोटा गेला.

"म्हणजे एक जागा," मिस्त्री चढावर उभे राहून म्हणाले. "या एका जागेसाठी सगळ्या वळणांवर जीप कुलूप लावून फरफटत न्यायची? दांडा तुटला तर वळणावर तुटेल, डाव्या हाताला दरी. इथे तुटला तर निदान बसायला जागा आहे."

"मग इथे करायचं काय?"

"दोर. फुकट फिरणाऱ्या चाकाला बांधून टाकायचं. त्याची फिरकी बंद झाली की भोपळ्याला दुसरीकडे द्यावीच लागते. चार हात वर गेलं की सोडायचं. आजवर बैलांवर भागत होतं."

"पण मी वर लिहिलंय की कुलूप—"

"वर तुम्ही बघा. खाली मी बघतो."

साहेब आले ते बाजाराच्या दिवशी, आपल्या मोटारीने मोखाड्यापर्यंत. तिथून आमची जीप, मागे डॉक्टर आणि मी. उंच, इस्त्रीचे कपडे, स्वभाव वाईट नाही पण वेळ कमी. जीपकडे बघून त्यांनी मिस्त्रींच्या कोटाकडे बघितलं आणि मला म्हणाले, आवाज फारसा न उतरवता, "या संस्थानी माणसांचं हेच असतं. नुसती उभी असतात. काम दुसरेच करतात." मिस्त्री हँडल मारून इंजिन सुरू करत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

"आणि ते तुमचं उत्तम प्रतीचं कुलूप मला बघायचंय हं," साहेब बसता बसता म्हणाले.

"खोडाळ्यात दाखवतो, साहेब," मी म्हणालो. कारकून संकट पुढच्या मुक्कामावर ढकलतो, ते असं.

लोण्याच्या चढापर्यंत जीप हरणासारखी गेली. चढावर अर्ध्यात बसली. एक पुढचं चाक आणि मागचं डावं नुसतं गरगरत होतं. चिखलाचे फवारे उडत होते. मागचं उजवं दगडावर स्वस्थ उभं. साहेब खाली उतरले आणि बघायला मागच्या बाजूला येऊन उभे राहिले. शेतातला एक म्हातारा कांबळं पांघरून बांधावर आला. "जीप नाय जायाची, सायेब," तो म्हणाला. "बैल आणू का?"

 बैलांनी ओढलेली जीप म्हणजे न पोचलेली जीप. जीप गेली, मिस्त्री गेले.

"भाऊसाहेब, दोर," मिस्त्री सुकाणूवरून म्हणाले. "चाक पाट्याला आवळा." पाटा म्हणजे चाकाजवळची स्प्रिंग.

मी काथ्याचा दोर घेऊन चिखलात उडी मारली. साहेब बघत होते, म्हातारा बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कचेरीबाहेर काही तरी करत होतो. समोर दोन चाकं. डावं बिचारं जीव तोडून फिरतंय, घामासारखा चिखल गाळतंय. उजवं ढिम्म. माझ्यातल्या कारकुनाने क्षणात निकाल दिला : काम न करणाऱ्याला बांधायचं. मी उजव्या चाकाला चार वेढे दिले, गाठ मारली आणि ओरडलो, "चालू द्या."

मिस्त्रींनी जोर दिला. डावं चाक पहिल्यासारखंच फिरलं. जीपमध्ये काडीचा फरक पडला नाही. फरक एवढाच, की आता डाव्या चाकाच्या थेट मागे साहेब उभे होते.

इंजिन थांबलं. साहेबांनी तोंडावरचा चिखल निपटला. मिस्त्री उतरून मागे आले, माझी गाठ बघितली आणि तिथेच खाली बसून ती सोडायला लागले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"कोणाला बांधलंत, भाऊसाहेब? हे उभं आहे ते आळशी म्हणून नाही. याच्यापर्यंत काही पोचतच नाही. याच्या पायाखाली दगड आहे, हे ओढेल. ते बघा, जे फार फिरतं, त्याच्या पायाखाली काय आहे?"

  साहेब चिखलाने भरलेल्या चष्म्यातून उजव्या चाकाकडे बघत होते, आणि मग थोडा वेळ कोटाच्या बाहेर आलेल्या शिवणीकडे.

मिस्त्रींनी डावं चाक बांधलं. चढावर पुन्हा इंजिन गुरगुरलं, डावं चाक घसरगाडीसारखं नुसतं सरकलं आणि उजवं, जे मघापासून उभं होतं, ते हळूच फिरलं. एक वीत. एक हात. जीप कण्हत कण्हत कातळावर आली. बांधावरचा म्हातारा म्हणाला, "बैल नको तं," आणि जरा हिरमुसून परत गेला.

खोडाळ्याच्या बाजारात लोकांनी जीपभोवती गर्दी केली. डॉक्टर रांग लावू लागले. एका दुकानदाराने साहेबांना तोंड धुवायला तांब्या दिला. तोंड पुसता पुसता त्यांनी मला हाक मारली. "कुलूप दाखवणार होता ना?"

मी वहीची पानं उलटायला लागलो. मिस्त्रींनी दोर गुंडाळता गुंडाळता उत्तर दिलं, "ते जव्हारला आहे, साहेब. त्याला बकरी बांधलीय."

मग सगळंच सांगावं लागलं. खुंटा, हॅट, दहा दाते. साहेब ऐकत होते आणि त्यांच्या मिशीवर राहिलेला चिखल हलत होता. मी ते हसू धरलं, पण खात्री नव्हती. सगळं ऐकून झाल्यावर ते मिस्त्रींना म्हणाले, "तुम्ही इथे फुकट जाताय. आमच्याकडे मोठं गॅरेज आहे, वीस गाड्या आहेत. मुख्य मिस्त्री म्हणून या. पगार वाढेल. मी आजच लिहितो."

 म्हणजे जीप पोचली तरी मिस्त्री जाणारच.

मिस्त्रींनी दोर खांद्यावर टाकला.

"रस्ता कुठला, साहेब?"

"रस्ता? डांबरी आहे. उत्तम. सगळीकडे सरळ."

"मग तिथे मला काय काम आहे?" मिस्त्री म्हणाले, आणि बाजारात सुके बोंबील बघायला निघून गेले.

साहेब त्यांच्या उलट्या कोटाच्या पाठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडून जीपची वही मागून घेतली आणि शेरा लिहिला : 'जीप जव्हार येथेच ठेवावी. मिस्त्री यांच्यासह.' खाली 'बसविलेला भाग' असा रकाना होता. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं : 'काथ्याचा दोर, एक.'

पुढे माझी बदली झाली, मिस्त्रींची झाली नाही. निघताना मी सागाचा खुंटा परत द्यायला गेलो. ते बकरीला पाला घालत होते. ती अजून त्याच कुलपाला बांधलेली. "ठेवा तुम्हालाच," ते म्हणाले, "पण वहिनींना द्या. तुम्ही तो पिशवीत ठेवता."

सौभाग्यवतींनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. आमच्या घरी अजून ताक त्याच रवीने घुसळतात. दहा दाते आहेत; मी रिकामपणी कधी कधी मोजतो. पाहुणे विचारतात, रवी कुठून आणली, फार सुबक आहे. मी म्हणतो, जीपची आहे. ते हसतात, आणि मी आजवर कोणाला पुढचं सांगितलं नव्हतं.